इंजेक्शनची कोंबडी

मागच्या फेब्रुवारीत आपल्या मेसची जी जीबी झाली, ती हजर असलेल्यांना आठवत असेल. (आठवत नसली तरी आश्चर्य नाही. निम्मे लोक कोरमपुरते आले होते आणि उरलेले चहा-बिस्किटांसाठी.) पाण्याचा कूलर, पोळ्यांची जाडी, गेस्ट कूपनचा रेट असे ठरलेले विषय ठरल्याप्रमाणे कुठेही न पोचता संपले. मग मागच्या रांगेतून एकजण उठला आणि म्हणाला, "रविवारचं चिकन बंद करा. ब्रॉयलरला हार्मोनची इंजेक्शनं देतात. चाळीस दिवसांत दोन किलोची कोंबडी होते, हे नॉर्मल आहे का?"

झालं! कुणाच्या तरी मोबाईलवर आलेला एक व्हिडिओ पाच मिनिटांत सगळ्या हॉलभर फिरला. त्यात काय होतं ते कुणीच नीट पाहिलं नाही, पण "हो हो, मी पण ऐकलंय" असं सगळेच म्हणाले. हात वर झाले आणि ठराव पास झाला. चिकनऐवजी पनीर. (आपल्याकडे पनीरच्या नावाखाली जे वाढतात त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल, पण ते राहू दे.)

हात वर करणाऱ्यांत मीही होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुणाला उपदेश करतोय असं वाटणार नाही.

माझा रूम पार्टनर माझ्या शेजारीच बसला होता. त्याने हात वर केला नाही, विरोधात काही बोललाही नाही. खोलीवर आल्यावर नेहमीसारखं त्याने बादली उचलली, आंघोळीला गेला. रात्री दिवे घालवल्यावर म्हणाला, "माझी फी कशातून येते माहितीये ना तुला?"

माहीत होतं. त्याच्या घरी पाच हजार पक्ष्यांची शेड आहे. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, औषधं देते. शेड, वीज, पाणी, तूस आणि झोपमोड घरच्यांची. बॅच निघाली की किलोमागे ठरलेले पैसे मिळतात, त्यातून मरतुकीचं आणि जास्त लागलेल्या खाद्याचं कापून. तो म्हणाला, "सातव्या दिवशी डोळ्यात लासोटाचा थेंब टाकतात. लस असते ती. मी आणि माझा भाऊ रात्रभर जागून टाकायचो, एकेक पिल्लू हातात धरून. एक थेंब टाकायला पाच हजार पिल्लांना अख्खी रात्र जाते. रोज इंजेक्शन द्यायला बसलो असतो, तर मी आज इथे नसतो, अजून शेडमध्येच असतो."

यावर मला उत्तर सुचलं नाही. मग तो २०२० सालचं बोलला. तेव्हा हा नववीत. चिकन खाल्ल्याने कोरोना होतो अशी अफवा फेब्रुवारी-मार्चमध्ये पसरली आणि बाजार बसला. सरकारने खुलासे केले, पण खुलासा अफवेच्या मागून चालतो. त्यावेळी त्याचे वडील कंपनीकडे नव्हते, स्वतःच्या पैशांनी बॅच टाकत होते. तयार पक्षी दहा रुपये किलोनेसुद्धा कुणी उचलेना, आणि पक्षी तर रोज खाद्य खाणारच. त्या बॅचचं कर्ज फेडता फेडता ते कंपनीच्या करारात आले. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू सापडला होता, तो खरा रोग होता, पक्षी मारावे लागले, त्याची भीती समजू शकते. पण २०२० मध्ये कोंबडीला काहीच झालं नव्हतं. जे काही झालं होतं ते आपल्या मोबाईलला.

तरीही माझ्या डोक्यातून तो प्रश्न जाईना. इंजेक्शन नाही, मान्य. पण मग चाळीस दिवसांत दोन किलो होतातच कसे? माझ्या आजोळी गावरान कोंबडी पाच-सहा महिने अंगणात उकरत फिरायची, तेव्हा कुठे सव्वा-दीड किलोची व्हायची. जीबीत विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता. उत्तर मात्र आपण फुकटात मिळालं म्हणून घेतलं.

ओपन इलेक्टिव्हला आम्हाला जीवशास्त्र शिकवणारे सर आहेत, त्यांच्याकडे गेलो. सर हसले. म्हणाले, "बाहेरून कशाला हार्मोन द्यायला पाहिजे? सगळं अंड्यातच आहे. आधी कॅनडाचा प्रयोग वाच, मग मायक्रोआरएनए वाच, मग ये." मी इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस. 'मायक्रो' म्हटलं की मला कंट्रोलर आठवतो. पण वाचायला घेतलं आणि गंमत म्हणजे निघालाही कंट्रोलरच!

आधी कॅनडाचा प्रयोग. अल्बर्टा विद्यापीठाने कोंबड्यांचे जुने वाण जपून ठेवले आहेत. १९५७ सालचा वाण, १९७८ सालचा वाण, आणि २००५ सालचा बाजारातला ब्रॉयलर, असे तिन्ही त्यांनी एकाच वेळी, एकाच पद्धतीने, एकच खाद्य देऊन वाढवले. २०१४ साली निकाल छापले. ५६ दिवसांनंतरची सरासरी वजनं अशी: १९५७ चा वाण ९०५ ग्रॅम, १९७८ चा १८०८ ग्रॅम, आणि २००५ चा ४२०२ ग्रॅम. तेच खाद्य, तीच हवा, तेवढेच दिवस. इंजेक्शन कुणालाच नाही. त्याआधी २००३ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या संशोधकांनी जुना वाण आणि नवा वाण, जुनं खाद्य आणि नवं खाद्य अशा चारही जोड्या लावून पाहिल्या होत्या. वाढीतला ८५ ते ९० टक्के फरक वाणाचा आणि उरलेला खाद्याचा, असा त्यांचा हिशोब.

म्हणजे हे सगळं निवडीचं काम. अमेरिकेत १९४८ साली 'उद्याची कोंबडी' या नावाने चक्क राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी झाली होती, सर्वांत जास्त मांस देणारी कोंबडी कोण पैदा करतो याची! तेव्हापासून दरवर्षी तेच चाललं आहे. हजारो पक्ष्यांतून सर्वांत भरभर वाढणारे निवडायचे, त्यांचीच पुढची पिढी घ्यायची. कोंबडीची पिढी फार तर वर्षभराची, त्यामुळे सत्तर वर्षांत माणसाची दोन हजार वर्षं उलटावीत तेवढ्या पिढ्या झाल्या. हार्मोनची भानगड तर मुळातच जमत नाही. वाढीचं हार्मोन हे प्रथिन आहे. खाद्यातून दिलं तर पोटात पचून जाणार, डाळीसारखं. टोचायचं तर वारंवार टोचावं लागणार. आणि टोचलं तरी वाढत्या पिल्लांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, हेही प्रयोगांनी पाहून झालं आहे. ज्या धंद्यात शेतकरी किलोमागे मोजक्या रुपयांवर जगतो, तिथे असला उद्योग कोण करेल?

आता खरा मुद्दा. निवड करणाऱ्याने फक्त वजनकाटा पाहिला. पण कोंबडीच्या आत नेमकं काय बदललं? कुठला स्क्रू फिरला?

कोंबडीचं मांस म्हणजे तिचे स्नायू. स्नायूत लांबलचक तंतू असतात. गंमत अशी की हे तंतू किती असणार, हे अंड्यातल्या एकवीस दिवसांत जवळपास ठरून जातं. पिल्लू बाहेर आल्यावर नवे तंतू जवळजवळ तयार होत नाहीत, आहेत तेच जाड होत जातात. त्यांना जाड व्हायला मदत करतात तंतूंना चिकटून बसलेल्या काही राखीव पेशी. त्यांना सॅटेलाइट पेशी म्हणतात. पहिल्या काही दिवसांत या राखीव पेशी धडाधड वाढतात आणि तंतूंमध्ये मिसळून जातात. म्हणून पिल्लू आल्या आल्या त्याला दाणापाणी आणि ऊब मिळाली पाहिजे, असं माझा रूम पार्टनर सांगतो. त्याच्या वडिलांना सॅटेलाइट पेशी माहीत नाहीत, पण पहिल्या आठवड्यात हात आखडला तर वजन पुन्हा भरून निघत नाही, हे पक्कं माहीत आहे.

म्हणजे दोन वेळा निर्णय होतो. आधी पेशींनी किती वेळ वाढत राहायचं आणि कधी थांबून तंतू बनायचं. नंतर तंतूंनी किती जाड व्हायचं. हे निर्णय घेणाऱ्या मंडळींत मायक्रोआरएनए बसलेले आहेत.

आपल्या मेसचंच उदाहरण घेऊ. ऑफिसात मोठं रजिस्टर असतं, ते बाहेर जात नाही. आज काय करायचं याची चिठ्ठी लिहून स्वयंपाकघरात पाठवतात, आणि महाराज चिठ्ठी वाचून पदार्थ करतात. पेशीत रजिस्टर म्हणजे डीएनए, चिठ्ठी म्हणजे मेसेंजर आरएनए, आणि पदार्थ म्हणजे प्रथिन. इतकं आपण अकरावी-बारावीत पाठ केलं होतं आणि सीईटीनंतर विसरलो. मला वाटायचं की काय शिजणार हे रजिस्टरमध्येच ठरतं. पण मध्ये एक शिपाई उभा असतो हे कुणी सांगितलं नव्हतं! त्याच्या हातात एक छोटा कागदाचा तुकडा असतो, जेमतेम बावीस अक्षरांचा. प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी, पदार्थाची कृती संपल्यावर, एक लांबलचक शेपूट असतं. आपल्या अर्जाखाली शेरा मारायला जागा सोडतात तसं. शिपाई आपल्या तुकड्यातली सुरुवातीची सहा-सात अक्षरं त्या शेपटाशी जुळतात का ते पाहतो. जुळली, की ती चिठ्ठी तो दाबून ठेवतो किंवा फाडून टाकतो. पदार्थ कमी होतो. रजिस्टरला धक्का नाही, महाराजांना दोष नाही, पण ताटात भाजी कमी!

हा बावीस अक्षरांचा तुकडा म्हणजे मायक्रोआरएनए. तो आधी हेअरपिनसारखा दुमडलेला लांब धागा असतो. ड्रोशा आणि डायसर नावाची दोन एन्झाइम्स त्याला दोन जागी कात्रीसारखी कापतात, आणि तयार तुकडा आर्गोनॉट नावाच्या प्रथिनाच्या हातात जातो. तोच आपला शिपाई. पहिला मायक्रोआरएनए १९९३ साली एका मिलिमीटरभर लांबीच्या किड्यात सापडला. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी ते काम केलं. तेव्हा लोकांना वाटलं, असेल किड्याची काहीतरी खोड. पुढे २००० साली लेट-७ नावाचा दुसरा सापडला, आणि तो किड्यातही तोच, माशीतही तोच, कोंबडीतही तोच, माणसातही तोच! तेव्हा सगळे ताडकन उठून बसले. २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं. एकतीस वर्षांनी. (आपण सबमिशनला एकतीस दिवस उशीर केला तर टर्म जाते.)

स्नायूंचे खास असे काही मायक्रोआरएनए आहेत. त्यांची नावं मिर-१, मिर-१३३, मिर-२०६. मिरचीशी संबंध नाही. २००६ साली उंदराच्या स्नायूपेशींवर एक सुंदर काम झालं. मिर-१ आणि मिर-१३३ एकाच धाग्यातून कापले जातात, म्हणजे सख्खे भाऊ. पण कामं उलटी. मिर-१ पेशींना सांगतो, वाढ पुरे, आता तंतू बना. मिर-१३३ सांगतो, अजून वाढत राहा. एकाच तारेतून ॲक्सिलरेटर आणि क्लच दोन्ही ओढल्यासारखं. हे वाचून मला वाटलं होतं की हे मुद्दाम आमच्या कंट्रोल सिस्टिमच्या पेपरसाठी बनवलंय.

कोंबडीच्या बाबतीत २०११ साली इंग्लंडमधल्या नॉरिचच्या संशोधकांनी अंड्यातल्या गर्भावर पाहिलं. मिर-१ आणि मिर-२०६ हे पॅक्स-३ नावाच्या प्रथिनाची चिठ्ठी दाबतात. पॅक्स-३ असेपर्यंत पेशी 'अजून ठरलं नाही' अशा अवस्थेत राहते. आपल्यातले काहीजण सातव्या सेमपर्यंत राहतात तशी. चिठ्ठी दाबली गेली की पेशी स्नायू व्हायला निघते. मिर-१ आणि २०६ यांना अडवलं तर पॅक्स-३ रेंगाळतं आणि पुढचं सगळं लांबतं. २०१४ मध्ये चिनी संशोधकांनी कोंबडीत मिर-२०३ दाखवला. हा गर्भावस्थेतच असतो, पिल्लू बाहेर आल्यावर दिसत नाही. तो पेशींची वाढही रोखतो आणि तंतू बनणंही रोखतो. पुढे असंही दिसलं की गोल आकाराचा एक आरएनए या मिर-२०३ ला स्पंजासारखा शोषून घेतो. म्हणजे शिपायावरही नजर ठेवणारा शिपाई आहे!

आता यातलं मला सर्वांत आवडलेलं प्रकरण. आपल्या जीबीत 'हार्मोन' हा शब्द किती वेळा उच्चारला गेला ते आठवा. वाढीचं हार्मोन कोंबडीच्या अंगात स्वतःचंच असतं, सगळ्यांच्याच असतं. पण त्याचा निरोप पेशीत जायला पेशीच्या दारावर एक ग्राहक प्रथिन लागतं. दार नसेल तर हार्मोन बाहेर बेल वाजवत बसणार. कोंबड्यांत एक ठेंगणी जात आहे, तिच्यात या दाराचाच जीन तुटलेला आहे. २०१२ साली चीनमधल्या संशोधकांनी दाखवलं की लेट-७बी नावाचा मायक्रोआरएनए या दाराची चिठ्ठी दाबतो. हा तोच लेट-७ चा भाऊबंद, जो किड्यात सापडला होता. म्हणजे हार्मोन किती ओतलं यापेक्षा दारं किती उघडी आहेत हे महत्त्वाचं, आणि ते ठरवणाऱ्यांत हा बावीस अक्षरांचा तुकडाही आहे. टोचून काय होणार?

२०१६ साली आणखी एक गोष्ट समोर आली. कोंबडीच्या डीएनएत मिर-१६ च्या शेजारी ५४ अक्षरं जास्तीची घुसलेली काही पक्ष्यांत सापडली. या घुसखोरीमुळे मिर-१६ चा धागा नीट दुमडत नाही, कात्रीला नीट पकडता येत नाही, आणि मिर-१६ कमी तयार होतो. मिर-१६ चं काम पेशींच्या वाढीवर ब्रेक लावणं. ब्रेक ढिला झाला, वजन वाढलं. ज्याने कुणी असा पक्षी निवडला असेल त्याला मिर-१६ माहीत नव्हता, मायक्रोआरएनए हा शब्दही बहुधा ऐकला नसेल. त्याने काट्यावर पक्षी ठेवला आणि म्हणाला, हा जड आहे, हा ठेवू.

मेंढ्यांतही असंच झालं आहे, आणि ते उदाहरण सगळ्यांत स्वच्छ आहे म्हणून सांगतो. युरोपातली टेक्सेल जातीची मेंढी तिच्या भरदार मांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. स्नायूंची वाढ रोखणारं मायोस्टॅटिन नावाचं प्रथिन आहे. बेल्जियमच्या संशोधकांनी २००६ साली दाखवलं की टेक्सेलच्या मायोस्टॅटिनमध्ये काहीच बिघाड नाही. कृती जशीच्या तशी. बदललंय फक्त चिठ्ठीच्या शेपटातलं एक अक्षर. त्या एका अक्षराने तिथे मिर-१ आणि मिर-२०६ साठी आयती जागा तयार झाली. शिपाई आले, चिठ्ठी दाबली, ब्रेक सैल झाला आणि मांडी भरली. अब्जावधी अक्षरांत एक अक्षर! प्रोग्रामिंगच्या प्रॅक्टिकलला सेमीकोलन विसरल्यावर काय होतं ते माहीत असलेल्या कुणालाही यात नवल वाटू नये.

इथे थोडं थांबून एक कबुली. हे सगळं वाचून मी पहिल्यांदा मित्रांना सांगितलं की "मायक्रोआरएनएमुळे कोंबडी मोठी होते". हेही इंजेक्शनवाल्या वाक्याइतकंच अर्धवट आहे. सरांनी मला झापलं. एक मायक्रोआरएनए शेकडो चिठ्ठ्यांना थोडा थोडा हात लावतो, आणि एका चिठ्ठीवर कितीतरी मायक्रोआरएनए बसतात. तो बहुतेक वेळा पंख्याच्या बटणासारखा चालू-बंद करत नाही, तर रेग्युलेटरसारखा थोडं कमी, थोडं जास्त करतो. ब्रॉयलरच्या वजनामागे असे कितीतरी स्क्रू आहेत, आणि त्यातले बरेच मायक्रोआरएनएचे नाहीतच. आणि हो, आता कुणी "मायक्रोआरएनएची कोंबडी नको" असा ठराव आणू नये म्हणून सांगतो. तो पोळीतही आहे, भातातही आहे, आणि आपल्या सगळ्यांतही आहे. पनीरमध्येसुद्धा असणार, जर ते दुधाचं असेल तर.

मग माझं म्हणणं काय? ब्रॉयलर म्हणजे सगळं छान, खा बिनधास्त? तसं नाही. माझी तक्रार आहे, पण ती वेगळ्या ठिकाणी आहे.

कंट्रोलमध्ये आपण शिकतो की गेन वाढवत गेलं की रिस्पॉन्स जलद होतो, पण एका मर्यादेनंतर सिस्टिम डोलायला लागते. कोंबडीत ते दिसतंय. गेल्या दशक-दीड दशकात जगभरच्या ब्रॉयलरमध्ये छातीचं मांस लाकडासारखं घट्ट होण्याचा प्रकार वाढलाय. फिनलंडच्या संशोधकांनी २०१४ साली त्याचं नीट वर्णन केलं. तंतू इतके जाड होतात की रक्त आणि प्राणवायू पुरेसा पोचत नाही असा अंदाज आहे, आणि तंतू मरून त्या जागी चिवट तंतुमय पेशीजाल भरतं. मांसावर पांढऱ्या रेघा दिसतात त्याही याच कुटुंबातल्या. काही पक्षी पायांवर नीट उभे राहत नाहीत, काहींचं हृदय पुरं पडत नाही. आणि आपल्याकडचा एप्रिल-मे! एवढं जड शरीर उष्णता बाहेर टाकू शकत नाही. रूम पार्टनरच्या घरी दुपारी बारा ते पाच सगळे शेडमध्ये असतात. पडद्यांवर ओली पोती, छतावर पाणी, पंखे. वीज गेली की तासाभरात पक्षी माना टाकतात. १९५७ सालच्या ९०५ ग्रॅमच्या कोंबडीला हा त्रास बहुधा झाला नसता.

चूक कुठे झाली हे इंजिनिअरला चटकन कळावं. ऑब्जेक्टिव्ह फंक्शनमध्ये अनेक वर्षं दोनच गोष्टी होत्या, वजन आणि खाद्य. पाय, हृदय, उन्हाळा यांच्या मर्यादा कुणी लिहिल्याच नाहीत. न लिहिलेली मर्यादा सिस्टिम पाळत नाही. आता मोठ्या ब्रीडिंग कंपन्या पाय आणि हृदयही पाहून निवड करतात, पण ते नंतर सुचलेलं शहाणपण आहे. आणि आता तर डोळे झाकून निवडायची गरजही उरली नाही. कुठला स्क्रू कशाचा, हे एकेक करून कळत चाललंय. २०२० साली दक्षिण कोरिया आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मायोस्टॅटिनचा जीनच बंद केलेली कोंबडी करून दाखवली, तिचे स्नायू आणखी मोठे. उद्या कुणी मायक्रोआरएनएचे स्क्रू फिरवून चाळीस दिवसांचे तीस करेल. मला भीती त्याची वाटते. अजून मांस कशाला? तेच ज्ञान वापरून चाळिसाचे पंचेचाळीस झाले तरी चालतील, पण उन्हाळा सोसणारी, पायांवर उभी राहणारी कोंबडी का करू नये? शेतकऱ्याला किलोवर पैसे मिळतात, पण मेलेल्या पक्ष्याचे कापलेही जातात. मे महिन्यात शंभर पक्षी वाचले तर ते पाच दिवसांच्या खाद्यापेक्षा स्वस्त पडतं की महाग, हा हिशोब मी आणि रूम पार्टनरने कागदावर मांडायला घेतला आहे. अजून जुळत नाहीये, कारण तो खाद्याचा भाव दर वेळी वेगळा सांगतो.

दुसरी तक्रार औषधांची. हार्मोनच्या नावाने ओरडताना आपण खऱ्या प्रश्नाकडे पाठ केली. तो म्हणजे अँटिबायोटिक्स. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०१४ साली दिल्ली परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत अँटिबायोटिक्सचा अंश सापडला. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं औषध. ते कोंबड्यांच्या खाद्यातही मिसळलं जायचं. २०१९ च्या जुलैमध्ये सरकारने खाण्याच्या प्राण्यांसाठी त्यावर बंदी घातली. आजारी पक्ष्याला औषध द्यायला कुणाची ना नाही, पण औषध दिल्यावर ठराविक दिवस पक्षी विकायचा नसतो. तो नियम पाळला की नाही हे विचारणं आपल्या हातात आहे. विचारलं का जीबीत कुणी? मीसुद्धा नाही.

रूम पार्टनरला मी हे दाखवलं तेव्हा मला वाटलं तो चिडेल. तो म्हणाला, "हे विचार ना! हे विचारलं तर आम्हालाही बरं. जो शेतकरी दिवस पाळतो त्याला तोच भाव आणि जो पाळत नाही त्यालाही तोच." आणि मग म्हणाला, "तू हात वर केलास तेव्हा मला वाटलं होतं तू तरी नाही करणार." यावर काय बोलायचं असतं ते मला अजून माहीत नाही. मी त्याला खाली कँटीनला चहा पाजला.

तर मेस कमिटीकडे मी लेखी अर्ज दिला आहे. पहिलं म्हणजे फेब्रुवारीचा ठराव पुढच्या जीबीत पुन्हा चर्चेला घ्यावा. दुसरं, चिकन परत सुरू झालं तर ठेकेदाराने माल कुठून घेतला आणि शेवटचं औषध कधी दिलं होतं हे पुरवठादाराकडून लिहून घेऊन नोटीस बोर्डावर लावावं. रेक्टर सरांनी अर्ज वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "यात मायक्रोआरएनए कुठून आला?" मी म्हटलं, सर, मासिकात लेख देतोय, त्यात आहे. त्यांनी अर्जावर 'पाहिले' असा शेरा मारून, तळाच्या रिकाम्या जागेत सही केली. चिठ्ठी पुढे जाते की दाबली जाते ते जीबीच्या दिवशी कळेल. कोरमपुरते येणाऱ्यांनीही यावं, चहा-बिस्किटं आहेतच.